गावाचे नाव आणि माणसाचे नाव

इटली देशाच्या उत्तर भागात वेरोना नावाचे एक प्राचीन शहर आहे. तेथील भाषेत या शहराच्या रहिवाशाला ‘वेरोनेझे’ म्हणतात. आपण पुण्याच्या माणसाला पुणेकर म्हणतो, तसेच ते. वेरोनाचा भाजीवाला वेरोनेझे, तिथला न्हावीही वेरोनेझे आणि नगराधिकारीही वेरोनेझे. पण इटलीच्या बाहेर, चित्रकलेची थोडीफार आवड असलेल्या कोणाही माणसापुढे हा शब्द उच्चारला, तर त्याला शहराचे हजारो रहिवासी आठवत नाहीत. एकच माणूस आठवतो. तो म्हणजे 1528 साली जन्मलेला आणि 1588 साली व्हेनिस नगरात मरण पावलेला पाओलो हा चित्रकार. ज्या शब्दावर सगळ्या गावाचा सारखा हक्क, तो एका माणसाच्या नावे जमा झाला. हे कसे होते, का होते, आणि ज्यांच्या नावे काहीच जमा होत नाही त्यांचे काय, एवढाच आमच्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

आम्ही विद्यापीठात शिकलेले नाही. कामगारांच्या संघटनेचे काम करता करता, एस. टी.च्या प्रवासात आणि न्यायालयाच्या व्हरांड्यात वाट पाहताना जे वाचले, तेवढीच आमची विद्या. तेव्हा विद्वानांनी उणे-अधिक पदरात घ्यावे. परंतु नावाच्या प्रश्नाशी आमचा संबंध पुस्तकातून आलेला नाही. हजेरीपटावर नाव असणे आणि नसणे यात काय अंतर असते, हे आम्ही तीस वर्षे पाहत आलो आहोत.

प्रथम पाओलोची हकीकत सांगतो. त्याचा बाप गाब्रिएले हा वेरोनात दगड घडवणारा कारागीर होता. तिथल्या बोलीत दगडफोड्याला ‘स्पेझाप्रेदा’ म्हणत, आणि पोराला लहानपणी हेच नाव चिकटले: पाओलो स्पेझाप्रेदा, म्हणजे आपल्याकडचा पांडू पाथरवट. पुढे त्याने कालियारी असे आडनाव धारण केले. विशीच्या मध्यात, 1553 च्या सुमारास, तो व्हेनिसला कामाला गेला. व्हेनिस हे त्या काळचे श्रीमंत, दर्यावर्दी, गर्विष्ठ प्रजासत्ताक. वेरोना हे त्याच्याच अमलाखालचे शहर; 1405 पासून तेथे व्हेनिसची सत्ता होती. म्हणजे राजधानीत परगण्याचा माणूस आला. व्हेनिसच्या लोकांनी त्याला ओळखले ते ‘तो वेरोनाहून आलेला’ म्हणून. वेरोनेझे हे नाव त्याला वेरोनाने दिले नाही, व्हेनिसने दिले.

या ठिकाणी थोडे थांबावे. वेरोनात राहणाऱ्याला कोणी वेरोनेझे म्हणून हाक मारीत नाही, कारण तिथे सगळेच वेरोनेझे. आपल्या फर्दापुरात कोणी कोणाला ‘अहो फर्दापूरकर’ म्हणतो काय? इथे माणूस रामभाऊ असतो, नाहीतर अमक्याचा मुलगा, तमक्या आळीतला. तोच माणूस वाळूजच्या कारखान्यात नाहीतर जळगावच्या बाजारात गेला की फर्दापूरवाला होतो. गावाचे नाव माणसाला लागते ते गाव सुटल्यावर. त्या नावाच्या पोटी एक वियोग आहे आणि एक प्रवास आहे. पोट भरण्यासाठी माणूस घराबाहेर पडल्याची ती खूण आहे.

इटलीच्या त्या काळातली चित्रकारांची नावे याच नजरेने वाचली म्हणजे फार गंमत वाटते. लिओनार्दो विंची गावचा. पिएत्रो वान्नुच्ची याला ‘पेरुजिनो’ म्हणजे पेरुजाकर म्हणत. वास्तविक त्याचा जन्म पेरुजा शहरात नव्हता, जवळच्या लहान गावी होता. लहान गाव कोणाला माहीत नसते, म्हणून मोठ्या गावाचे नाव सांगावे लागते; आपला सोयगावचा मुलगाही मुंबईत ‘संभाजीनगरचा’ असेच सांगतो. फ्रान्चेस्को माझ्झोला याला ‘पार्मिजानिनो’ म्हणजे पार्म्याचा पोरगा म्हणत. दुसरा वर्ग धंद्यावरून नावे पडलेल्यांचा. जाकोपो रोबुस्ती हा रंगाऱ्याचा मुलगा. जग त्याला ‘तिंतोरेत्तो’, म्हणजे छोटा रंगारी, म्हणून ओळखते. आंद्रेआ देल सार्तो म्हणजे शिंप्याचा आंद्रेआ. राजेरजवाडे आणि धर्मगुरू यांनी ज्यांच्या चित्रांसाठी रांगा लावल्या, त्यांची नावे पाथरवट, रंगारी आणि शिंपी यांच्या घरांतून आलेली आहेत. श्रमाच्या घरातून कला निघते, हे आम्ही सभेत सांगितले असते तर कोणी प्रचार म्हटले असते. इथे ती नावेच सांगतात.

आता आपल्या घरी येऊ. मराठीत गावाला ‘कर’ लावला की माणूस तयार होतो. बारामतीजवळच्या होळ गावचे मल्हारराव ते होळकर. पुढे त्यांच्या घराण्याने इंदुरास राज्य केले, पण नीरेकाठचे ते लहान गाव नावातून सुटले नाही. गोव्यातील मंगेशीवरून दीनानाथ मंगेशकर. आणि कोकणातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे गाव ज्यांच्या आडनावामुळे अजरामर झाले, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. घराण्याचे मूळ नाव सकपाळ. गावावरून आलेल्या आडनावाचा एक मोठा गुण असा, की त्यातून गाव कळते, जात कळत नाही. गावाच्या वेशीच्या आत ज्यांना जागा नव्हती, त्यांनीही गावाचे नाव आपल्या नावाशेवटी लावले आणि आपण या गावचे आहोत हे जगासमोर मांडले. हा हक्क मागण्याचाच एक प्रकार झाला.

धंद्यावरूनही आपल्याकडे नावे पडली. जोतीराव फुले यांचे घराणे मूळचे साताऱ्याकडील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात फुलांचा व्यवसाय केला म्हणून फुले. स्पेझाप्रेदा आणि फुले ही एकाच तऱ्हेची नावे होत. जुन्या काळी कुंभकार होता, त्याचा कुंभार झाला. सुवर्णकाराचा सोनार झाला. लोहकाराचा लोहार आणि चर्मकाराचा चांभार झाला. ‘कार’ म्हणजे करणारा. शतकानुशतके उच्चारून उच्चारून तो कार झिजला आणि नुसता ‘आर’ उरला. शब्द झिजला तशी त्या शब्दामागची प्रतिष्ठाही झिजली. जो करणारा, तो खालचा ठरला. आणि जो करवून घेणारा, तो वरचा.

परंतु भाषेत आणखी एक जागा आहे, ती आम्हाला फार मोलाची वाटते. पैठणकर हा शब्द गावावरून आला, आणि विणकर हा शब्द कामावरून. शेवट दोघांचा एकच. गावकरी, शेतकरी, कामकरी, वारकरी हे शब्द एका ओळीत उभे करून पाहा. एकाचे नाते गावाशी, एकाचे शेताशी, एकाचे कामाशी, एकाचे वारीशी. व्याकरणकारांनी या प्रत्ययांची कुळे वेगवेगळी लावली तरी बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी ती एकच झाली आहेत. माणूस कुठला आणि माणूस काय करतो, हे दोन प्रश्न मराठीने एकाच प्रत्ययात बसवले. पण जगाच्या व्यवहारात मात्र ही दोन उत्तरे एकत्र राहिली नाहीत. पैठणी पाहा. गर्भरेशमी वस्त्र, पदरावर मोर, काठाला जर. त्या वस्त्राला पैठणचे नाव मिळाले. महिनोन् महिने मागावर बसून ते विणणाऱ्याचे नाव पदरावर कुठेच नाही. गावाने वस्तूला नाव दिले, वस्तूने गावाला कीर्ती दिली, आणि मधला विणकर तेवढा गळाला.

चित्रकारांतही आपल्याकडे वेरोनेझे आहेत. मालवण तालुक्यात आचरे हे समुद्रकाठचे गाव आहे. तिथला प्रत्येक रहिवासी आचरेकर. पण चित्रकलेच्या विद्यार्थ्यापुढे हा शब्द काढला की त्याला एम. आर. आचरेकर आठवतात, ‘रूपदर्शिनी’ हा ग्रंथ आठवतो, 1951 च्या ‘आवारा’ चित्रपटाचे कलादिग्दर्शन आठवते. क्रिकेटच्या मैदानावर तोच शब्द उच्चारा, लोकांना रमाकांत आचरेकर गुरुजी आठवतील. गावाचे नाव म्हणजे जणू सार्वजनिक विहीर. ज्याची कर्तबगारी मोठी त्याने त्यातून आपली घागर भरून घ्यावी. त्याने विहीर आटत नाही. उलट गावाला वाटते, आपला माणूस मोठा झाला.

हे सगळे अलीकडच्या शतकांचे झाले. आता दोन हजार वर्षांपूर्वीच्या कामकऱ्यांकडे जाऊ, कारण त्यांतले काही आपल्याच जिल्ह्यात, दगडावर, आपली नावे ठेवून गेले आहेत.

सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर एक लहानसा लेख कोरलेला आहे. त्याचा आशय असा, की हे मूर्तिकाम विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी केले. प्राकृतात शब्द आहे ‘वेदिसक’, म्हणजे विदिशेचे. आज आपला ‘कर’ जे करतो ते तिथे ‘क’ करतो आहे. एका नगरीच्या रहिवाशांचे नाव आणि कलावंतांचे नाव एकच. तिथे एकट्यादुकट्याचे नाव नाही. सगळ्या पेठेने, सगळ्या व्यवसायबंधूंनी मिळून सही केली आहे. आम्हाला हा लेख वाचताना एखाद्या जुन्या संघटनेचा ठराव वाचल्यासारखे वाटते.

लोणावळ्याजवळ कार्ल्याचे चैत्यगृह आहे. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने ते बांधविले, आणि जंबुद्वीपात याहून उत्तम शैलगृह नाही, असे त्याने लेखात सांगून ठेवले. पैसा त्याचा, तेव्हा अभिमानही त्याचा. त्याला आमची हरकत नाही. पण त्याच चैत्यगृहाच्या दारापाशी दुसरा एक लेख आहे. त्यात धेनुकाकटचा वढकी, म्हणजे सुतार, सामी याचे नाव आहे. वेणुवासाचा मुलगा सामी याने हे दार केले. गाव, धंदा, नाव, बापाचे नाव आणि केलेले काम: पाचही गोष्टी एका ओळीत. आजच्या कामगाराच्या ओळखपत्रावर याहून काय अधिक असते? त्याच धेनुकाकटच्या सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या सिंहदत्तानेही तिथे दान दिले आहे आणि काही यवनांनीही खांब दिले आहेत. व्यापारी, परदेशी आणि सुतार एकाच गावाचे नाव सांगत एकाच भिंतीवर उभे आहेत.

आणि आता आपला जिल्हा. कन्नड तालुक्यात पितळखोरे आहे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकांतील ही लेणी. अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या लेण्यांच्या बरोबरीची. तिथल्या चैत्यगृहातील खांबांवर दान देणाऱ्यांची नावे आहेत, आणि त्यात ‘पतिठाण’ म्हणजे आपले पैठण स्पष्ट वाचता येते. पैठणचा मितदेव गंधिक, म्हणजे अत्तरविक्या, आणि त्याचे कुटुंब. हे आमच्या समजुतीप्रमाणे मराठवाड्याच्या भूमीवर कोरलेले जुन्यांत जुने पैठणकर होत. त्याच पितळखोऱ्यात 1950 च्या दशकात मलबा उपसताना यक्षाची एक ठेंगणी, हसरी मूर्ती मिळाली. ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर लेख आहे: कन्हदास नावाच्या सोनाराने ही केली. सोनाराने दगड घडवला! ज्या हाताला सोन्यातली बारीक कलाकुसर माहीत, तो हात दगडावर चालला. आणि काम झाल्यावर त्याने राजाचे किंवा दात्याचे नाव न घालता आपले घातले, तेही यक्षाच्या हातावर. कर्जत बाजूच्या कोंडाण्याच्या लेण्यातही अशीच एक सही आहे. कन्हाचा शिष्य बलक याने ते काम केले, असे तिथे लिहिले आहे. शिष्याने आधी गुरूचे नाव घेतले आणि मग आपले.

या चार-पाच सह्या पाहिल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. भारतातला कारागीर विरक्त होता, त्याला नावाची हौस नव्हती, म्हणून त्याने नाव लिहिले नाही, असे फार वेळा सांगण्यात येते. हे खरे नाही. जिथे त्याला लिहू दिले, तिथे त्याने लिहिले. गावासकट, धंद्यासकट, बापासकट लिहिले. विरक्ती ही पुष्कळदा दुसऱ्याने आपल्यावर लादलेली असते.

आता आपल्या डोंगराकडे पाहा. अजिंठ्याची मोठी लेणी पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात कोरली आणि रंगवली गेली. सोळाव्या लेण्यात त्याचा सचिव वराहदेव याचा लेख आहे. सव्विसाव्या लेण्यात बुद्धभद्र भिक्षूचा लेख आहे आणि ज्यांच्या देखरेखीखाली ते काम पार पडले त्या धर्मदत्त आणि भद्रबंधू यांचीही नावे आहेत. म्हणजे पैसा देणारा आहे, देखरेख करणारा आहे. पण पहिल्या लेण्यातला तो कमळ धरलेला बोधिसत्त्व ज्याने काढला, त्या माणसाचे नाव खात्रीने सांगावे असे कुठेही मिळत नाही. त्याचे गाव नाही, बाप नाही, गुरू नाही. पुस्तकात त्याला काय म्हणतात? ‘अजिंठ्याचा चित्रकार’. म्हणजे शेवटी गावाचेच नाव त्याच्या वाट्याला आले.

आणि तेही नाव बरोबर गावाचे नाही! ही लेणी ज्या वाघोरा नदीच्या वळणावर आहेत, तिथून सर्वांत जवळची वस्ती लेणापूरची आणि नंतर आपल्या फर्दापूरची. अजिंठा गाव घाट चढून दहा-अकरा किलोमीटर पलीकडे आहे. पण ते तटबंदीचे, बाजाराचे मोठे ठिकाण. लेण्यांना त्याचेच नाव पडले. पेरुजिनोला पेरुजाचे नाव मिळाले, तसेच हे. साऱ्या जगातून माणसे इथे येतात, आपल्या फाट्यावर उतरतात, इथून बसने लेण्यांकडे जातात, आणि घरी गेल्यावर सांगतात, ‘आम्ही अजिंठ्याला जाऊन आलो.’ यात कोणाचा दोष नाही. परंतु ज्यांचे नाव राहून जाते त्यांच्यात आपलेही गाव आहे, म्हणून हा विषय इथे बोलावासा वाटला.

नाव न ठेवणाऱ्यांच्या या डोंगरात एक नाव मात्र ठळक आहे. 28 एप्रिल 1819 रोजी मद्रास फौजेचा जॉन स्मिथ हा अधिकारी शिकारीच्या निमित्ताने या दरीत आला आणि दहाव्या लेण्यातल्या चित्रित खांबावर त्याने आपले नाव आणि तारीख कोरली. ज्यांनी चित्रे काढली त्यांचे नाव नाही. ज्याने चित्रावर खरवडले त्याचे आहे. पुढे 1844 पासून रॉबर्ट गिल याने वर्षानुवर्षे इथे राहून नकला केल्या; त्यांतल्या बहुतेक 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. 1872 ते 1885 या काळात मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह येत. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच. तरी त्या नकलांना जग ‘ग्रिफिथ्सच्या नकला’ म्हणते.

मग 1909 ते 1911 च्या हिवाळ्यांत लेडी क्रिस्तियाना हेरिंगहॅम आल्या. त्यांचा मुक्काम आपल्या फर्दापुरात होता. बंगालकडून नंदलाल बोस, असितकुमार हालदार आदी तरुण आणि हैदराबादकडून सय्यद अहमद आणि फझलुद्दीन असे चित्रकार त्यांच्या मदतीला होते. या बाईंची एक गोष्ट आमच्या विषयाला अगदी लागून आहे. भारतात येण्यापूर्वी, 1899 साली, त्यांनी चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराचा सुमारे 1400 सालचा ग्रंथ इंग्रजीत आणला होता. भिंतीला गिलावा कसा करावा, रंग कसा वाटावा, कुंचला कसा बांधावा, याची ती कारागिरांसाठी लिहिलेली पोथी. आणि त्या चेन्निनोनेही आपण कोल्ले गावचे, हे ग्रंथात सांगून ठेवले आहे. म्हणजे इटलीच्या एका गावकऱ्याच्या हाताखाली पुस्तकातून शिकलेली बाई आपल्या गावात राहून गेली. तिथल्या कारागिराने नाव, गाव आणि कृती तिन्ही लिहून ठेवल्या होत्या, म्हणून पाचशे वर्षांनी त्याला विद्यार्थिनी मिळाली. इथल्या कारागिराची भिंत बोलत होती, पण तो स्वतः मुका होता. नाव लिहून ठेवण्याचा फायदा मानापुरता नसतो. विद्या पुढे जाण्याचा तो मार्ग असतो.

असो. इटलीचे सगळेच गोडवे गाऊ नयेत. वेरोनेझेच्या चित्रशाळेत त्याचा भाऊ बेनेदेत्तो होता, मुले होती, मदतनीस होते. त्याचे ‘काना येथील लग्न’ हे 1563 सालचे चित्र सुमारे पावणेसात मीटर उंच आणि दहा मीटर रुंद आहे. इतका पडदा एकटा माणूस रंगवू शकत नाही. तो मेल्यावर भाऊ आणि मुलांनी काम चालू ठेवले आणि चित्रांवर सही केली ती ‘पाओलोचे वारस’ अशी. हयात कलावंतांनी मेलेल्या माणसाच्या नावावर पोट भरावे लागले, कारण बाजारात नाव त्याचेच चालत होते. मोठ्या नावाच्या पोटात अशी लहान नावे विरघळलेली असतात. तरी त्या माणसाचे एक मान्य केले पाहिजे. 1573 साली त्याच्या एका भोजनाच्या चित्रात विदूषक आणि दारुडे का आले, म्हणून धर्मन्यायालयाने त्याला बोलावून जाब विचारला. त्याने आपल्या धंद्याच्या वतीने उत्तर दिले, की कवींना आणि वेड्यांना जी मोकळीक असते ती आम्हा चित्रकारांनाही आहे. चित्र बदलण्याचा हुकूम झाला, तेव्हा त्याने चित्राचे नावच बदलून दिले आणि चित्र बहुतांशी होते तसे राहू दिले. ‘आम्ही चित्रकार’ हा त्याचा शब्द आम्हाला त्याच्या रंगांइतकाच मोलाचा वाटतो.

नाव बदलण्यावरून आठवले. आपल्या जिल्ह्याच्या शहराची नावेही बदलत आली आहेत. 1610 मध्ये मलिक अंबराने खडकी वसवली. तिचे फत्तेनगर झाले, मग औरंगाबाद झाले, आणि 2023 साली छत्रपती संभाजीनगर झाले. प्रत्येक वेळी तिथला रहिवासी, घर न हलवता, वेगळा ‘कर’ झाला. राज्यकर्ते येतात तशी गावांची नावे येतात. पण हिमरूच्या मागावर बसलेला विणकर या चारही नावांत विणकरच राहिला. माणसाची पक्की ओळख त्याच्या हातात असते, असे आम्ही म्हणतो ते यामुळे.

आता जे सांगायचे ते आमच्या रोजच्या कामातले आहे. मुंबईच्या गिरणगावात एकेका गावच्या मंडळींनी मिळून गाळे घेतले होते. गावाहून आलेला नवा पोरगा थेट आपल्या गावच्या खोलीवर उतरे, वळकटी टाके आणि दुसऱ्या दिवशी गिरणीच्या फाटकावर उभा राही. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला आणि तो लांबत गेला, तेव्हा हजारो माणसे याच गावच्या नावाच्या आधारावर परत गेली. गावाचे नाव हा गरिबाचा विमा होता.

परंतु तेच नाव माणूस पुसून टाकण्याच्याही कामी येते. काही वर्षांपूर्वी एका औद्योगिक वसाहतीत, कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, दाबयंत्रावर एका तरुणाची बोटे गेली. तो आपल्या या टापूतला. चार वर्षे तिथे काम करीत होता. आम्ही हजेरीपट मागितला, तर त्यात त्याचे नाव नव्हते. कंत्राटदाराने वही दाखवली. तिच्यात रोज एकच ओळ होती: ‘फर्दापूरवाले – 6’. सहा माणसे, नावे कोणाचीच नाहीत. सहांतला हा कोणता, हे सिद्ध करा, असे आम्हाला सांगण्यात आले. शेवटी पुरावा मिळाला तो फाटकासमोरच्या चहावाल्याच्या उधारीच्या वहीत. तिथे त्या पोराचे नाव, बापाचे नाव, तारीख आणि चहाचे कप, सगळे नीट मांडलेले होते. ज्याला पाच-दहा रुपये वसूल करायचे होते त्याने माणसाचे पूर्ण नाव लिहिले होते. आणि ज्याने चार वर्षे श्रम घेतले त्याने नुसते गाव लिहिले होते. उधारीच्या वहीवर तडजोड झाली, उपचाराचा खर्च आणि भरपाई मिळाली. बोटे मिळाली नाहीत.

या प्रसंगानंतर अजिंठ्याच्या भिंतींकडे पाहण्याची आमची दृष्टी बदलली. ‘अजिंठ्याचे चित्रकार’ हे शब्द वाचले की आम्हाला ‘फर्दापूरवाले – 6’ आठवते. दोन्ही ठिकाणी गावाचे नाव आहे, आणि दोन्ही ठिकाणी ते माणसाच्या नावाच्या जागी बसवले आहे. गावाचे नाव माणसाच्या नावाशेजारी असेल तर ते भूषण आहे. धेनुकाकटचा सामी, पैठणचा मितदेव, वेरोनाचा पाओलो. तेच माणसाच्या नावाऐवजी आले तर ती टोळीची मोजदाद आहे. उत्तरेकडून आमच्या वसाहतींत कामाला येणाऱ्यांना आपण ‘यूपीवाले’, ‘बिहारी’ म्हणून मोजतो, तेव्हा आपणही त्या कंत्राटदाराचीच वही लिहीत असतो, हे मराठी माणसाने मनाशी कबूल करावे. आपले आजोबा मुंबईत ‘घाटी’ होते, ही गोष्ट फार जुनी नाही.

मग करावे काय? मोठ्या क्रांतीची वाट न पाहता करता येण्याजोगी एक लहान गोष्ट आम्ही सुचवतो. आपल्या तालुक्यात शाळा बांधली जाते, समाजमंदिर होते, पूल होतो. त्यावर संगमरवरी कोनशिला बसते. तिच्यावर कोणाच्या शुभहस्ते, कोणाच्या अध्यक्षतेखाली, कोणाच्या प्रमुख उपस्थितीत, अशी नावे सोन्याच्या अक्षरांत असतात. ती असू द्यावीत. भूतपाल श्रेष्ठीचेही नाव होतेच. पण त्याच्या खाली चार ओळी मोकळ्या ठेवाव्यात. ज्या गवंड्याने भिंत उभी केली, ज्या सुताराने दारे केली, ज्या बाईने डोक्यावरून विटा वाहिल्या, त्यांची नावे, बापाची नावे आणि गावे तिथे लिहावीत. खर्च चार ओळींचा आहे. कोणाची मंजुरी लागत असेल तर ती मिळवण्याचे काम आम्ही करू.

हे नवे नाही. कार्ल्याच्या दारावर, सांचीच्या तोरणावर आणि आपल्याच पितळखोऱ्याच्या यक्षाच्या हातावर ही पद्धत दोन हजार वर्षांपूर्वी चालू होती. मध्येच ती बंद पडली, एवढेच. फर्दापुरात जी पहिली नवी शाळेची खोली उभी राहील, तिच्या कोनशिलेपासून ती पुन्हा सुरू करण्यास काय हरकत आहे?